भावाची आरएक्स १०० सोळा वर्षं मांगरात उभी आहे. हात कुठून घालू?

डिचोलीचा मास्तर

नमस्कार. ३१ मेला निवृत्त झालो. पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. हातात खडूशिवाय काही धरलं नाही. पाना धरला तो गॅसचा रेग्युलेटर बसवताना, आणि तेव्हाही आमच्या मंडळींनी तो काढून घेतला.

थोरला भाऊ डिचोलीच्या स्टँडवर पायलट होता. बाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे विमानवाला नव्हे. गोव्यात मोटारसायकलवर मागे बसवून भाडं नेणारा तो पायलट, आणि त्याच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा. भावाने १९८७ साली, चवथीच्या आधी, यामाहा आरएक्स १०० घेतली. नंबर अजून जुना ‘जीडी’वाला आहे. २००९ साली तो गेला. त्याच आठवड्यात मी गाडी ढकलत मुळगावच्या आमच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, नेली आणि वर ताडपत्री टाकली. तेव्हापासून ती तिथेच आहे, शेजारी सोललेल्या नारळांचा ढीग आणि एक मोडका रहाट.

पाऊस ओसरल्यावर परवा ताडपत्री काढली. लाल टाकीच्या खालच्या कडेला गंज आहे. टाकीत पेट्रोलच्या जागी काळपट गुळासारखं काहीतरी, वास जुन्या वॉर्निशचा. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. हेडलाइटमागच्या वायरी त्यांनीच खाल्ल्या असाव्यात. किक पायाने दाबली तर दगडावर पाय दिल्यासारखी, जागची हलत नाही.

गावातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला : इंजिन भंगार, दुसरं बसवतो, टाकीला चकचकीत रंग मारतो, एकूण ४५ हजार. मला त्यात काही गोडी वाटेना. मला गाडी हवीच आहे, पण ती स्वतः खोलायची आहे. वेळ भरपूर आहे. पेन्शन मास्तराची आहे. वय ६०, गुडघे बरे, चष्मा जाड.

प्रश्न दोन. या वयात, शून्यातून, हे जमतं का? आणि आधी काय, इंजिन की रंग?

बार्जवाला

मास्तर, तिसरा प्रश्न तुम्ही विचारला नाही, त्याचं उत्तर आधी देतो. ती किक परत दाबू नका. आजपासून बंद. अडकलेल्या पिस्टनवर उभं राहून किक मारणाऱ्याची किकच मोडते, मग तिच्यासाठी इंजिन उघडा.

आता जमतं का, ते. मी मांडवी नदीवर खनिज नेणाऱ्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होतो. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्जी धक्क्याला लागल्या आणि मी ४९व्या वर्षी घरी बसलो. पहिले सहा महिने फक्त सीलिंग फॅन बघत होतो. मग एका भंगारवाल्याकडून इंड-सुझुकी एएक्स १०० उचलली, किलोच्या भावात. तिला अकरा महिने लागले. त्यानंतर एक राजदूत ३५०, जी मुळात यामाहाची आरडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, इथे १९८३ साली आली. तिला अडीच वर्षं लागली आणि बायकोने सोन्याचा विषय काढणं बंद केलं. तुम्ही म्हणाल, तुला इंजिन कळत होतं. कळत होतं, पण बार्जचं. तिथे पाना खांद्यावर घेऊन जावा लागतो. मोटारसायकलवर तोच हात चालवला आणि पहिल्याच दिवशी पाच स्क्रूंची डोकी खाल्ली.

त्या स्क्रूंचंच आधी सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनच्या बाजूच्या कव्हरांवर जे फुलीचे स्क्रू दिसतात ते आपल्या घरातल्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचे नव्हेत. दिसायला तसेच, पण ती जपानी मापाची फुली आहे, जेआयएस म्हणतात. फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण तळाला बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि फुलीची वाटी करून ठेवतं. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक खळगी असते, टाचणी टोचल्यासारखी. तीच ओळख. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर मागवा, आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावली की पकड आणखी येते. जुन्या जपानी गाड्यांवर वाटी झालेले स्क्रू दिसतात ना, तो दोष जपान्यांचा नाही, आपल्या हत्यारांचा.

आता पिस्टन. प्लग काढा. भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनांचं ऑइल) अर्धं अर्धं मिसळून चहाचा अर्धा कप ओता. सायलेन्सर सोडवून घ्या. तुमची आरएक्स टू-स्ट्रोक आहे. तिला फोर-स्ट्रोकसारखे डोक्यावर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. त्यामुळे सायलेन्सर जिथे जोडलेला असतो त्या तोंडातून टॉर्च मारला की पिस्टनची कूस थेट दिसते. गुळगुळीत राखाडी असेल तर नुसता गंजाने धरलाय. उभे खोल ओरखडे दिसले तर कधीतरी चालताना तापून सीझ, म्हणजे जाम, झालेला आहे. ओतलेलं सगळं त्याच खिडकीतून खाली गळायला लागलं तर घाबरू नका, पिस्टन खाली थांबलाय इतकंच. खाली पत्र्याचा डबा ठेवा आणि परत ओता. आठ दिवस रोज. मग डावीकडचं कव्हर काढून मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या चाकाच्या) नटावर पाना लावून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. हलला तर हलला. नाही हलला तर हेड काढून बघू, तेव्हा परत लिहा. मॅग्नेट काढायची वेळ आली तर त्याचा पुलर, ओढून काढायचं हत्यार, मिळतो, तो घ्या. हातोडी मारलेली मला कळली तर मी डिचोलीला येईन.

इंजिन की रंग? हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळे रंगच आधी करतात. रंगवलेल्या टाकीवर नंतर पाना पडतो. शिवाय पावसात मारलेला रंग आपल्याकडे पांढुरका पडतो, हवेतलं पाणी त्यात बसतं. डिसेंबर-जानेवारीशिवाय रंगाचं नाव काढू नका, आणि कुठल्या वर्षीचा डिसेंबर ते इंजिन सांगेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सोळा वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचा खरा घात पिस्टनमध्ये नसतो, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन ऑइल सीलमध्ये असतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग वर. म्हणजे ती पेटी हवाबंद हवी. सीलचं रबर वाळून दगड झालेलं असतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप उंच आवाजात रेस होते, मालक म्हणतो वा काय पळते, आणि चार किलोमीटरवर पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढते आणि मागे पांढरा धूर, महिनाभर थांबतच नाही. नवीन पिस्टन, नवीन बोअर, नवीन कार्बोरेटर करून लोक गाडी सुरू करतात आणि ६० रुपयांच्या सीलवर सगळं घालवतात. इंजिन उघडलंच तर दोन्ही सील बदला, जुनं चांगलं दिसलं तरी.

टाकीसाठी विनेगर. माडाचं नको हो, ते सोरपोतेलसाठी राहू द्या. दुकानातलं पांढरं सिंथेटिक आणा, टाकी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच आत टू-टी ऑइल फिरवा. ‘लगेच’वर जोर आहे. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत आत नारिंगी झालेलं असेल. आपली हवा तशी आहे.

सीबी-साडेसातशे

राग मानू नका, पण मंचाच्या या विभागाला ‘जुन्या जपानी’ असं नाव आहे. १९८७ची आरएक्स उत्तर प्रदेशात जुळवलेली. जपानी म्हणजे १९६९ची होंडा सीबी ७५०. कारखान्यातून थेट चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक. तिने इंग्रज कंपन्यांचं काय केलं ते जगाला माहीत आहे. आरएक्सला विंटेज म्हणायचं तर उद्या लोक काइनेटिक होंडा घेऊन येतील.

बार्जवाला

येऊ द्या की. तिचेही स्क्रू तेच आहेत.

पायरीवरचा वकील

मास्तर, इंजिनातलं मला शून्य कळतं. आरटीओच्या पायऱ्या मात्र झिजवल्या आहेत. इथल्या चर्चेत तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, विंटेज. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी. तुमची २०३७ साली होईल. तिला मग ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर आणि वीस हजार रुपये नोंदणी फी, वर ती रोज फिरवता येत नाही, रॅलीला किंवा प्रदर्शनाला नेण्यापुरतीच. म्हणजे तो मोह तसाही नको. साधी खासगी दुचाकी म्हणूनच नूतनीकरण करा. फॉर्म २५, पाच वर्षांसाठी. २० वर्षांवरच्या दुचाकीची फी २०२५ च्या ऑगस्टपासून दोन हजार आहे. उशिराचा दंड वेगळा. सोळा वर्षांचा हिशेब घरी करू नका, बीपी वाढेल. तिथे जाऊन खिडकीवरच विचारा.

दुसरी, ही गाडी टॅक्सी आहे. पिवळा मडगार्ड ही हौस नव्हे, परवान्याची खूण आहे. आधी ट्रान्सपोर्टची खासगी करून घ्यावी लागेल आणि पिवळा रंग ठेवून खासगी म्हणून रस्त्यावर आणता येणार नाही.

तिसरी जरा नाजूक. तुम्ही ‘भावाची गाडी’ म्हणता, पण भावाचे वारस कोण? वहिनी आहेत का? मुलं? गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची समाईक असते. म्हणजे ती गाडी अर्धी आधीपासूनच वहिनींची आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांचा हक्क. तुम्ही सोळा वर्षं सांभाळलीत याला कायद्यात गाडी धूळ खात पडली होती असं म्हणतात. मालक मयत झाल्यावर नाव बदलायचा फॉर्म ३१. त्यावर तुमचं नाव यायचं तर त्या सगळ्यांची संमती लागेल. पाना हातात घेण्याआधी वहिनींकडे जाऊन या.

पणजीची सई

मास्तर, तुमच्या पिवळ्या मडगार्डबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. प्लीज तो घासू नका! शाळेत असताना रोज पायलटच्या मागे बसून जायचे, बॅग दोघांच्या मध्ये धरून. नवीन रंग मारलेल्या जुन्या गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्या पिवळ्यावरचे ओरखडे म्हणजे त्या माणसाची २२ वर्षं आहेत. वर क्लिअर लॅकर मारून तसाच जपा. कागदपत्रांसाठी दुसरा मडगार्ड बसवा हवं तर.

डिचोलीचा मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी.

वकीलसाहेबांचं वाचून लाज वाटली. सोळा वर्षांत वहिनीला विचारायचं एकदाही सुचलं नाही. ताडपत्री घालताना नाही, काढताना नाही आणि गॅरेजवाल्याला दाखवतानाही नाही. गेलो साखळीला, मुलीकडे असते ती. गाडीचं काढल्यावर ती आधी काही बोललीच नाही, सोलकढी करत होती ती करत राहिली. मग म्हणाली, “चालू कर. पण तो पिवळा रंग काढून टाक.”

मी सईबाईंचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगून पाहिलं. ओरखडे, आठवण वगैरे. ती म्हणाली, “भावोजी, मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्टँडवर उभं राहायचे ते. पावसात भिजलेले कपडे अंगावरच वाळायचे. सत्तावीस रुपये घेऊन घरी आलेला दिवस मला आठवतोय. तुम्हांला त्या रंगात काय दिसतं ते तुमचं तुम्ही बघा. मला गाडी लाल पाहिजे. दुकानातून आणली तेव्हा होती तशी.” वर म्हणाली, चालू झाली की मला एकदा मयेच्या तळ्यापर्यंत ने. त्यांच्याबरोबर तेवढंच राहिलं. मागची सीट कायम भाड्याची.

तेव्हा सईबाई, क्षमा करा. रंग निघणार. मालकिणीचा हुकूम आहे. पुतण्यांच्या सह्या पुढच्या रविवारी.

आता बार्जवाले दादा, तुमच्यासाठी हिशेब. डिझेल आणि टू-टी नऊ दिवस ओतलं. पहिले तीन दिवस सगळं डब्यात. सायलेन्सरच्या तोंडातून पाहिलं तर कूस राखाडी, दोन बारीक ओरखडे, नखाला लागत नाहीत. दहाव्या दिवशी मॅग्नेटच्या नटावर पाना लावला. पुढे काही नाही. मागे काही नाही. पुन्हा पुढे, आणि ‘चक्’ असा आवाज आला, अक्रोड फुटल्यासारखा, आणि पाना एक इंच गेला. मी मांगरात एकटाच ओरडलो. शेजारचा कुत्रा पळाला.

मग राहवेना म्हणून हेड काढलं. पिस्टनच्या माथ्यावरचं काजळ खरवडलं तर ‘५०’ आकडा निघाला. मला वाटलं ५० मिलिमीटर बोअर म्हणून लिहिलंय. शेजारचा पोरगा हसला. म्हणाला, मास्तर, हा पिस्टन अर्धा मिलिमीटर मोठा आहे, म्हणजे सिलिंडर आधी बोअर झालेलं, आतून कापून मोठं केलेलं, आहे. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ अशी मापं मिळतात म्हणे. मूळचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ५० आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०, म्हणजे ९८.१७ घनसेंटिमीटर. शेवटचं माप वापरलं तर ५१, म्हणजे १०२.१४. मुलांना वृत्तचितीचं घनफळ शिकवताना पस्तीस वर्षं मी पाण्याची टाकी आणि पेन्सिल वापरली. हे वर्गात नेता आलं असतं तर मागच्या बाकावरचे चार तरी पास झाले असते.

भावाने बोअर कधी केला, कुठे केला, घरी कुणालाच माहीत नाही. वहिनीलाही नाही. किती दिवस धंदा बंद ठेवावा लागला असेल.

जेआयएस ड्रायव्हर आला, इम्पॅक्टही आला. उजवीकडचं, क्लचचं कव्हर काढायला घेतलं. सहा स्क्रू लोण्यासारखे निघाले, खळगीवाले. सातवा, खालचा, किकच्या मागचा, त्याच्या डोक्याची आधीच वाटी झालेली आहे. मी केलेली नाही, देवाशपथ. कुणा आधीच्या मेस्त्रीने केलेली. आता काय करू?

बार्जवाला

मास्तर, वहिनींना माझा नमस्कार सांगा. मयेचं तळं जवळ आहे, पहिली फेरी म्हणून उत्तम. चोर्ला घाटाचं नाव एवढ्यात काढू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबर मिळतं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी इंजिनवर सोडली की फिरतंय जोरात आणि ऑइल येतंय थेंबभर. घाटात उतरताना मधून मधून क्लच दाबून रेस द्यायची असते. माझी इंड-सुझुकी तिथेच धरली होती, बेळगावच्या उद्यमबागेतून बोअर करून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी.

दोन मापं शिल्लक आहेत म्हणजे चिंता नाही. सिलिंडर बेळगावला न्या आणि नवा पिस्टन बरोबर घेऊन जा. पिस्टन मोजल्याशिवाय बोअर करायला घेणारा माणूस असेल तर सिलिंडर उचलून परत या. आणि भावाने ऑइलचा पंप बंद करून ठेवलाय का ते बघा. नळी कापून बोळा घातलेला दिसला तर समजा ते पेट्रोलमध्येच ऑइल घालत होते. चालू दिसला तरी पहिल्या टाकीत लिटरला ४० मिली मिसळूनच भरा, सोळा वर्षांच्या पंपावर माझा विश्वास नाही. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी बसतं, तेव्हा गाडी आठ दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर कोरडा राहिला पाहिजे.

सातव्या स्क्रूला आता हात लावू नका. बाकीचे सगळे आधी काढा. मग त्याचं नुसतं डोकं ड्रिलने उडवा, स्क्रूच्या दांड्याइतकाच बिट घ्या, मोठा नको. डोकं गेलं की कव्हर मोकळं सुटतं. त्याला रबरी हातोडीने हलकेच टकटक करा, मध्ये पेचकस घालून उचकटू नका, कडा खराब झाली की ऑइल गळतं. कव्हर निघालं की मागे स्क्रूचा दांडा बोटभर उभा दिसेल, आणि ओढ गेलेली असल्यामुळे तो व्हाइस-ग्रिपने धरला की हाताने फिरतो.

कव्हरखाली डबा ठेवा. त्यात गिअरचं ऑइल आहे. मी ठेवला नव्हता, घरच्या फरशीवर अजून डाग आहे.